तीन नंबर किती गिळतो

सोफिया
२ मार्च, माफीचा रविवार

बाते,

चार वर्षांनी हा शब्द लिहितेय. मोठ्या भावाला आपल्याकडे दुसरं काय म्हणणार, आणि मोठा भाऊ मला एकच आहे, तोही असा.

आज धाकट्यांनी थोरल्यांकडे जाऊन माफी मागायची. दर वर्षी या दिवशी मी काहीतरी काम उकरून काढते आणि संध्याकाळपर्यंत वेळ मारून नेते. या वर्षी म्हटलं, लिहून तरी टाकू. फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर दोन मिनिटांत आपलं जुंपलं असतं.

तर माफ कर. वीजकेंद्रातली एक आणि दोन नंबरची मशीनं बंद करायच्या अहवालावर माझी सही होती. गाव अजून म्हणतं, ब्लागॉयच्या बहिणीनं राजधानीत खुर्चीत बसून माणसं घरी बसवली. ती मशीनं आधीच मेली होती हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, पण सही माझी होती, ते मी नाकारत नाही. बाबा गेल्यावर चाळिसाव्या दिवशी तू त्यांच्या नावाचे उकडलेले गहू सगळ्यांच्या हातावर ठेवत आलास आणि माझा पसरलेला हात सोडून पुढच्या बाईकडे गेलास. सगळं गाव बघत होतं. मला त्याचा राग आहे, अजूनही आहे. तरी माफ कर.

माझं ठीक चाललंय. देशभरच्या विजेचं वाटप बघणाऱ्या डिस्पॅच केंद्रातच आहे. एक एप्रिलपासून आमचा नवा प्रोग्रॅम सुरू होतोय. देशातल्या कुठल्या मशीननं कुठल्या तासाला काय करायचं हे आता माणसं ठरवणार नाहीत, तो ठरवणार. प्रत्येक मशीनला काय झेपतं आणि काय नाही, हे त्याला सांगायचं काम माझ्याकडे आहे.

सहज विचारते, तीन नंबर कसा आहे?

पाव्लिनावहिनीला सांग, तिच्या हातचा हलवा आठवतो.

नेव्याना


सोफिया
२३ मार्च

बाते,

उत्तर नाही. बरं.

वहिनीनं फोन केला होता, तू कामावर असताना. म्हणाली, "वाचलं त्यानं. दोनदा वाचलं. मग घडी घालून कामाच्या जाकिटात ठेवलं."

"शिव्या दिल्या?"

"नाही ना. तेच तर मला आवडलं नाही."

मलाही आवडलं नाही. तू शिव्या देतोस तेव्हा निदान कळतं तरी तू कुठे आहेस ते.

मागच्या पत्रात मी "सहज विचारते" असं लिहिलं. ते सहज नव्हतं. जानेवारीत आम्ही सगळ्या वीजकेंद्रांना एक फॉर्म पाठवला होता. त्यावर प्रत्येक मशीनचा पॉवर फॅक्टर लिहायचा होता, दोन चौकटींत. एक देताना, एक घेताना. तुला मी काय शिकवणार, तुझी हयात त्यात गेली. पण एकदा साध्या शब्दांत मांडते, म्हणजे नंतर "मला वाटलं तू वेगळंच काही म्हणतेस" असं तुला म्हणता येणार नाही. मशीन जी वीज करतं त्यातली काही काम करते, आणि काही नुसता तारांमधला दाब सांभाळते. ते प्रमाण म्हणजे पॉवर फॅक्टर. कारखाने चालू असले की दाब पडतो, तेव्हा मशीन दाब देतं. सुट्टीला सगळं बंद, तारा रिकाम्या, दाब चढतो, तेव्हा मशीननं तो गिळायचा. देताना फार तर ते तापतं. गिळायचं म्हटलं की आतलं चुंबक कमजोर करावं लागतं. फार गिळलं की लोखंडाची टोकं भाजतात, आणि त्याहून फार गिळलं की चुंबकाची पकड सुटते. मग पन्नास टनांचा दांडा कुणाच्या बापाचं ऐकत नाही. आणि त्या मशीनच्या पोटात हायड्रोजन भरलेला असतो, तोही तूच भरतोस.

देताना, ०.८५. मान्य. मशीनच्या पितळी पाटीवर तेच कोरलंय.

घेताना, ०.८५. तुझं अक्षर. तो तिरका पाच अजून तसाच काढतोस.

एकशेवीस मेगावॅटवर चालणाऱ्या तीन नंबरला ०.८५ म्हणजे चौऱ्याहत्तर गिळणं. बाबा काय सांगायचे? सूप पिता पिता सांगायचे. "हा देतो राजासारखा, गिळतो चिमणीएवढं. पंधरा. सोळावा दिला की कण्हतो." मी तेव्हा नऊ वर्षांची होते, तू सोळाचा. आपण दोघांनीही ऐकलंय.

तू खोटं लिहिलंस, बाते. का लिहिलंस तेही मला कळतं. जो ०.८५ गिळत नाही त्याचं नाव सणासुदीला चालू ठेवायच्या मशीनांच्या यादीत नाही, आणि ज्याचं नाव यादीत नाही तो उन्हाळ्याच्या आत कायमचा थंड. तीन नंबर थंड झाला की आपल्या कामेनोवेत्सला बाजारात भाजी विकायला बसणारे तेवढे उरतील. मी तुला दोष देत नाही. आता एवढंच कर. एक ओळ लिहून पाठव, की आकडा भरताना चूक झाली. आमच्याकडेही तपासताना नजरेतून सुटलं असेल, असं होतं कधी कधी.

हे मी हातानं लिहून टपालानं पाठवतेय, ऑफिसच्या संगणकावरून नाही. त्यावरून काय ते समज.

नेव्याना


सोफिया
१३ एप्रिल, फुलांचा रविवार

बाते,

दारावर विलोची फांदी लावली आणि लिहायला बसले. तू उत्तर देत नाहीस म्हणून मला लिहायचं सोडता येत नाही, अशी वेळ आलीय.

प्रोग्रॅम सुरू झाला. बारा दिवस झाले, सगळे खूश आहेत. काल मी पुढच्या रविवारची दुपार त्यात घालून बघितली. ईस्टर. एकही कारखाना चालू नाही, लोक अंगणात कोकरू भाजतायत, ऊन लख्ख, सगळी सौर पॅनलं ओसंडतायत. त्यात या वर्षी कॅथलिकांचा ईस्टर आणि आपला एकाच दिवशी आलाय. एरवी आपल्याकडची जास्तीची वीज पश्चिमेकडचे देश ओढून घेतात. या वेळी तेही अंगणात कोकरू भाजत असणार.

बारा वाजून वीस मिनिटांपासून दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत, कामेनोवेत्स, तीन नंबर, घ्या चौऱ्याहत्तर. असं पडद्यावर आलं.

मी माझ्या हातानं मर्यादा पंधरावर आणली आणि परत चालवला. प्रोग्रॅम म्हणाला, उत्तर नाही. दुसरी मशीनं वाढवली, उत्तर नाही. तुझं मशीन चौऱ्याहत्तर गिळतं असं मानलं तरच त्या दुपारचं गणित सुटतं. मी सकाळपासून चारपर्यंत हेच करत होते, डोकं भणाणून गेलं.

मग दामयानोवकडे गेले. आमचा विभागप्रमुख, तू त्याला ओळखत नाहीस, तुझं नशीब.

"पंधरा कशावरून?" त्यानं विचारलं.

"माहीत आहे म्हणून."

"कुणाला माहीत आहे?"

"माझ्या वडिलांना होतं."

"तुमचे वडील म्हणजे चाचणीचा अहवाल आहेत का, इंजिनिअरबाई? माझ्याकडे केंद्राची सही आहे. त्याखाली तुमची खूण आहे. यातलं काय खोटं आहे ते सांगा, मी आत्ता आकडा बदलतो."

मी बाहेर आले.

हो, माझी खूण आहे. मागच्या पत्रात "नजरेतून सुटलं असेल" असं लिहिलं ते बंडल होतं. काही सुटलं नव्हतं. फेब्रुवारीत तुझा फॉर्म माझ्यासमोर आला, मी तो तिरका पाच बघितला, आणि चाचणीचा अहवाल मागवायचा सोडून "तपासले" असं लिहून खूण केली. मला वाटलं, गावाचं मी जे केलं त्याची थोडी भरपाई झाली. तुला कधीच कळणार नाही, पण मला ठाऊक असेल. एवढी मूर्ख आहे मी.

स्तामेनकाकांना विचारलं. आमचे सगळ्यात जुने डिस्पॅचर, बाबांना ओळखायचे, फोनवरच, चेहरा कधी बघितला नाही. ते हसले. म्हणाले, "फॉर्मवर सगळेच खोटं लिहितात पोरी. माझ्या आधीपासून लिहितात. फॉर्मवर कुणी मशीन चालवतं का? मी सणाच्या आधी एकेकाला फोन लावायचो, काय रे, रविवारी खरंच किती गिळणार? तुझा बाप म्हणायचा, पंधरा, आणि बायकोला विचारून सांगतो सतरा जमतील का. ते कुठे लिहिलेलं नसायचं."

आता तो फोन बंद झाला. कुणाला झुकतं माप नको म्हणून, प्रोग्रॅमचा हुकूम वाचून दाखवायचा, एवढाच फोन, आणि तोही रेकॉर्ड होतो. मला त्या कागदांवर विश्वास ठेवायला शिकवलं होतं. या देशात तो कुणी ठेवत नाही हे मी चाळिशी उलटल्यावर शिकतेय.

म्हणून हात जोडते. माझ्या तोंडून आकडा गेला तर तू खोटारडा ठरशील, चौकशी लागेल, आणि मशीनही जाईल. तू स्वतः दुरुस्ती पाठवलीस तर ती चूक ठरेल. शुक्रवारपर्यंत पाठव.

नेव्याना


सोफिया
१८ एप्रिल, मोठा शुक्रवार

बाते,

कागद आला नाही. वहिनीचा निरोप आला. रविवारची दिवसपाळी तू घेतलीस. तुझी सुट्टी होती, ती दुसऱ्याला देऊन घेतलीस.

मी दोनदा विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "मलाही पटत नाहीये. पंचवीस वर्षांत ईस्टरच्या टेबलावरून उठला नाही हा माणूस."

म्हणजे तुला माहीत आहे काय होणार. चौकट तू भरलीस, म्हणून दुसऱ्या कुणाला त्या मशीनपाशी उभं करवत नाही तुला. यात मला तुझा अभिमान वाटावा अशी तुझी अपेक्षा असेल तर चुलीत घाल ती. मला भीती वाटतेय, आणि तुझ्या तोंडात मारावंसं वाटतंय.

हे पत्र रविवारच्या आत पोचणार नाही, मला ठाऊक आहे. तुझा फोन लागत नाही. केंद्राच्या फोनवर सगळं रेकॉर्ड होतं. तरीही लिहितेय, कारण स्वस्थ बसवत नाही. रविवारी मी स्तामेनकाकांच्या शेजारी असेन. पहिला सण आहे म्हणून गणितवाल्यांपैकी एकीनं हजर राहायचंय, मी नाव दिलं.

पंधराच्या पुढे जाऊ नकोस. मशीन बंद पडलं असं सांग, बटण दाब, काहीही कर.

नेव्याना


सोफिया
२९ एप्रिल

बाते,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा केंद्रावर माणसं येऊन गेलेली असतील. ती कुणी पाठवली हे तुला दुसऱ्याकडून कळू नये, म्हणून सगळं क्रमानं सांगते.

ईस्टरच्या दुपारी बारा वाजून अठरा मिनिटांनी स्तामेनकाकांनी फोन लावला. मी दुसरा हेडफोन कानाला लावून बसले होते.

"कामेनोवेत्स, तीन नंबर. चौऱ्याहत्तर घ्या."

"कामेनोवेत्स, तीन नंबर, चौऱ्याहत्तर घेतो. पाळीप्रमुख ब्लागॉय त्सोनेव."

चार वर्षांनी तुझा आवाज ऐकला. जरा जाड झालाय. काकांनी फोनच्या तोंडावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बोलायचं असेल तर आत्ता बोल."

मी मान हलवली. नाही म्हणून.

हे तू वाच आणि लक्षात ठेव. मी बोलले असते तर तो सगळा प्रकार तिथल्या तिथे थांबला असता. रेकॉर्ड होत होतं, दामयानोव मागे उभा होता, मी घाबरले. तुझ्या नोकरीसाठी घाबरले असं मी त्या वेळी स्वतःला सांगत होते, पण माझ्याही नोकरीसाठी घाबरले. पंधरा, अठ्ठावीस, चाळीस. पडद्यावर आकडा चढत होता आणि मी बघत बसले. काकांनी फोन ठेवला नाही, उघडाच सोडला, त्यातून मशीनचा आवाज येत होता. बावन्नला तो बदलला, फोनवरही कळेल इतका. मी तो आवाज कधी ऐकला नव्हता, पण बाबा ज्याला कण्हणं म्हणायचे ते तेच, मला शंका नाही. साठ. सत्तर. चौऱ्याहत्तर. एक तास पन्नास मिनिटं.

आणि धरलं. दोन वाजून दहा मिनिटांनी सगळं जागच्या जागी होतं. दामयानोवनं गोड पाव कापला, लाल अंडी वाटली, सगळ्यांनी एकमेकांची अंडी आपटली आणि शेवटपर्यंत त्याचंच अंडं शाबूत राहिलं. मला म्हणाला, "बघा, इंजिनिअरबाई. कागद खरा होता."

सोमवारी तू फोन केलास. घरच्या फोनवरून. मी तेव्हा काय बोलले मला आठवत नाही, तू काय बोललास ते सगळं आठवतं.

"काय गं नेवे, गिळलं की नाही? बाबा उगाच आयुष्यभर पंधरा पंधरा करत बसले."

"मग तू पाळी का घेतलीस?"

"पाव्लिना सणाला जेवण फार करते. पळालो." मग म्हणालास, "सहा मेला ये. गेर्ग्योवदेनच्या सणाचं कोकरू सांगून ठेवलंय. संध्याकाळी बसू, दुपारी मी कामावर आहे. बाबांच्या जागेवर तू बस. गावाला काय म्हणायचं ते म्हणू दे, मी आहे."

मी फोन ठेवला आणि ओट्यापाशी उभी राहून रडले, गाजरं तशीच अर्धी चिरलेली. चार वर्षं मला याशिवाय काही नको होतं. तीन दिवस मी नुसती त्याच सुखात होते, खरं सांगते. तिकीटही काढलं.

गुरुवारी वहिनीचा फोन आला. "तो नाही सांगणार, म्हणून मी सांगते," म्हणाली. तू घरी आलास तेव्हा तुझ्या शर्टाला जळक्या वार्निशचा वास होता, दोनदा धुऊनही गेला नाही. बारा वाजता तू मशीनघरातल्या सगळ्यांना खानावळीत अंडी आपटायला पाठवलंस आणि एकटा थांबलास. तापमानाचा कागद तू घरी आणून चुलीत घातलास, पण त्याआधी तिनं बघितला. रेघ वरच्या कडेच्या बाहेर गेली होती. "बाहेर म्हणजे किती बाहेर, मला कळत नाही गं," ती म्हणाली. मला कळतं. एकशेचाळीस अंशांच्या पुढे कागदच नसतो. ती टोकं भाजली, बाते, आणि आतून भाजलेली आहेत. बाहेरून मशीन तसंच दिसणार, तसंच चालणार. मी हे लिहितेय म्हणून तिच्यावर ओरडू नकोस.

शुक्रवारी ऑफिसात बघितलं. दामयानोवनं तुझ्या मशीनपुढे "सिद्ध" असं लिहून घेतलंय. आता त्या आकड्याला कुणी हात लावू शकत नाही. मी प्रोग्रॅममधून सहा मेची दुपार काढून बघितली. गेर्ग्योवदेन, सुट्टी, ऊन. तीन नंबर, घ्या चौऱ्याहत्तर. या वेळी तीन तास.

मग मला तुझं वाक्य आठवलं. संध्याकाळी बसू, दुपारी मी कामावर आहे. आनंदात माझं त्याच्याकडे लक्षच गेलं नव्हतं. त्याही दिवशी तू सगळ्यांना बाहेर काढून एकटा उभा राहणार आहेस. त्यानंतरच्या सणालाही. एखाद्या सणाला ते मशीन धरणार नाही, आणि तोवर तू माझ्याशी फोनवर हसून बोलत राहशील आणि मी गप्प बसेन, कारण तू बोलतोयस हेच मला फार वाटेल. मी स्वतःला ओळखते. म्हणून वाट बघितली नाही.

आज सकाळी नऊ वाजता दामयानोवच्या टेबलावर निवेदन ठेवलं, आणि एक प्रत सुरक्षा निरीक्षकांकडे स्वतः नेऊन दिली. आधी माझं लिहिलंय. मी खूण केली, आकडा खोटा आहे हे माहीत असून केली, अहवाल मागवला नाही. मग तुझं लिहिलंय. घेताना ०.८५ हा आकडा केंद्राच्या पाळीप्रमुखानं खोटा भरला, ईस्टरच्या दिवशी मशीन मर्यादेबाहेर चालवलं, तापमानाची नोंद नष्ट केली. तुझं पूर्ण नाव लिहिलंय, वडिलांच्या नावासकट. स्तामेनकाका साक्षीदार व्हायला तयार आहेत. दामयानोवनं वाचलं आणि विचारलं, "सख्खा भाऊ?" मी म्हटलं, हो. त्यानं पुढे काही विचारलं नाही.

उद्या ते तीन नंबर बंद करून सील लावतील. परत सुरू होणार नाही, हे तुला आणि मला कळतं. तुला नोकरी राहणार नाही, खटलाही होईल, मला तर घरी जायला सांगितलंच आहे. गावात तीनशे घरं आहेत आणि या वेळी लोक जे म्हणतील ते खरं असेल. वहिनीला दुकानात कुणी सामान देणार नाही कदाचित. हे सगळं मी मोजून केलंय. तू मला काय म्हणशील तेही ठाऊक आहे, आणि त्यापुढे तू मला काहीच म्हणणार नाहीस, तेही.

तिकीट परत केलं. कोकरू तुम्ही दोघं खा. सहा मेला दुपारी तू घरी असशील. माझ्या नावानं खडे फोडत असशील, पण घरी असशील, बाते.

नेव्याना